पुनर्नमुने वाढवण्याआधी हिस्टोग्राम पाहा

लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये सहगुणकाचा अंदाज −1.2 येतो आणि बूटस्ट्रॅपने काढलेल्या 95 टक्के विश्वास-अंतरालाचे खालचे टोक −17. असे कोष्टक समोर आले की पुनर्नमुने (मूळ नोंदींतून परत ठेवत उचललेले नमुने) 1000 वरून 10000 वर नेण्याकडे आपला कल असतो. टोक जागचे हलत नाही. का, ते हिशेबाने कळते.

समजा, 200 रुग्णांच्या अभ्यासात नव्या औषधाच्या गटात दुष्परिणाम झालेले तिघेच आहेत. पुनर्नमुन्यात हे तिघेही न येण्याची शक्यता सुमारे 5 टक्के. मग त्या गटात एकही घटना उरत नाही, सहगुणक उणे अनंताकडे घसरत जातो आणि सॉफ्टवेअर जिथे थांबेल तो आकडा नोंदला जातो. पर्सेंटाइल पद्धतीतले खालचे टोक तळच्या 2.5 टक्क्यांवर असते, म्हणजे याच 5 टक्क्यांच्या पोटात. हिस्टोग्राममध्ये हा ढीग वेगळा दिसतो; त्या −17 मधून औषधाविषयी काहीच कळत नाही. ब्रॅडली एफ्रन यांनी 1979 मध्ये बूटस्ट्रॅप मांडला आणि 1987 मध्ये बीसीए ही सुधारित रीत दिली. पण तीही टोके याच वितरणातून उचलते, त्यामुळे इथे तिचा आधार नाही. डेव्हिड फर्थ यांची 1993 ची दुरुस्ती प्रत्येक पुनर्नमुन्यावर वापरली, तर सहगुणक आटोक्यात राहतो. मॉडेल नीट बसले नाही असा इशारा सॉफ्टवेअर ज्यांवर देते, ते पुनर्नमुने गुपचूप गाळणे मात्र आम्हाला मुळीच मान्य नाही. अंतराल त्याने देखणे होते आणि खोटेही.

आर-वर्गाची अडचण वेगळी: त्याचा मूळ अंदाज कधी अंतरालाच्या बाहेरच पडतो. पुनर्नमुन्यात सरासरी 63 टक्केच वेगळ्या नोंदी येतात, बाकीची पुनरुक्ती. त्यामुळे नमुना लहान आणि चले जास्त असली की पुनर्नमुन्यांतला आर-वर्ग मूळ अंदाजापेक्षा फुगतो.

सर्वांत घातक ते अकारण अरुंद अंतराल, कारण त्याबद्दल कोणी तक्रारच करत नाही. शाळाशाळांतून जमवलेल्या माहितीत विद्यार्थी सुटे उचलले, तर एकाच शाळेतल्या मुलांमधले साम्य हिशेबातून निसटते. तिथे अख्खी शाळाच उचलायला हवी. शाळा मोजक्याच असतील तर तेवढ्यानेही भागत नाही.

लेखकांना आमची विनंती आहे: बूटस्ट्रॅप वापरलेला लेख पाठवताना सहगुणकांचा हिस्टोग्राम, पुनर्नमुन्याचे एकक आणि मॉडेल किती वेळा नीट बसले नाही ती संख्या सोबत जोडा.