रेंजवरचे दीडशे यार्ड

रेंजवर सात नंबरच्या आयर्नने मारलेला चेंडू दीडशेच्या पाटीपाशी पडतो आणि कोर्सवर तोच शॉट ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये जाऊन बसतो. याचं कारण विचारलं की हौशी गोल्फरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कोर्सवर दडपण येतं, स्विंग आखडतो. दुसरा म्हणतो, तुमचं काहीतरी चुकतंय, कारण रेंजचे चेंडू मुळातच कमी जातात. कोर्सवर उलट दहा टक्के वाढवूनच धरायला हवेत. दोघांची तोंडं दोन दिशांना असली तरी गृहीत एकच आहे: रेंजवरचा आकडा हे मूळ माप आणि कोर्सवरचा आकडा हा त्याचा बिघाड. हे गृहीतच उलटं आहे. खरं माप कोर्सवरचं, आणि रेंजवरचा आकडा ही त्याची सोयीने फुगलेली आवृत्ती.

चेंडूबद्दलची तक्रार खोटी नाही, पण ती अर्धीच खरी आहे. रेंजच्या चेंडूला असंख्य फटके सोसायचे असतात, म्हणून त्याचं आवरण कडक असतं. जिथे जागा अपुरी तिथे मुद्दाम कमी उडणारे चेंडू ठेवतात. नियमांनुसार चेंडूचं वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये, पण एवढ्याने उड्डाण ठरत नाही. खळगे झिजले की चेंडूला मिळणारी हवेची उचल बदलते, आणि एकाच बकेटमध्ये नवा आणि झिजलेला चेंडू शेजारीशेजारी असतात. त्यातून कडक आवरणाचा परिणाम सगळ्या क्लबांवर सारखा होत नाही. ड्रायव्हरचं अंतर घटतं, पण वेजने मारलेल्या चेंडूला मागची फिरकी कमी मिळाल्याने तो पडल्यावर थांबायचं सोडून पुढे धावतो. मग सरसकट दहा टक्के कुठून आणायचे?

आणि चेंडू तर दुय्यम आहे. खरी फसवणूक रेंजवरची रबरी मॅट करते. क्लब चेंडूच्या इंचभर मागे आपटला तर गवतावर तो मातीत रुततो, वेग मरतो आणि शॉट वीस-तीस यार्ड कमी पडतो. मॅटवर तोच क्लब घसरत पुढे येतो आणि चेंडू बऱ्यापैकी उडवतो. म्हणजे कोर्सवर ज्या चुकीची किंमत मोजावी लागते, ती रेंजवर चूक म्हणून दिसतच नाही. भरीला सपाट लाय, रफ नाही, उतार नाही, आणि एकाच क्लबने ओळीने पंधरा-वीस फटके. 1979 साली जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात दिसलं होतं की एकच क्रिया सलग घोकणारे सरावात पुढे असतात, पण नंतरच्या चाचणीत क्रम बदलत सराव केलेले त्यांना मागे टाकतात. प्रयोग गोल्फचा नव्हता, तरी आठव्या सलग फटक्यावरचा आकडा सरावातलाच असतो, हे त्यावरून कळावं. त्यातही आपण लक्षात ठेवतो तो पंधरातला सर्वांत लांबचा. नेटमध्ये काढलेल्या धावा कुणी सरासरीत धरत नाही. गोल्फर मात्र बिनदिक्कत धरतो.

यावर आक्षेप येईल की आता रेंजवर चेंडूचं उड्डाण मोजणारी ट्रॅकमॅन, टॉपट्रेसरसारखी यंत्रं आली, मग पाटीवर कशाला विसंबायचं? यंत्र अंतर चोख सांगतं, आणि ट्रॅकमॅन रेंजच्या चेंडूचा आकडा चांगल्या चेंडूच्या हिशेबात बदलूनही देतो. पण ती दुरुस्ती चेंडूची झाली. मॅटने झाकलेली चूक त्या रडारलाही चांगला शॉट म्हणूनच दिसते, कारण चेंडू खरोखरच तितका उडालेला असतो. दुसरा आक्षेप व्यावसायिकांचा: ते रेंजवरच तर अंतरं ठरवतात. ठरवतात, पण पीजीए टूरच्या रेंजवर त्यांना स्पर्धेत खेळायचाच चेंडू मिळतो आणि ते गवतावरून मारतात. ती रेंज कोर्ससारखी केलेली असते, म्हणून तिचा आकडा चालतो. हा दाखला माझ्याच बाजूचा आहे.

मग माप घ्यायचं कसं? फेऱ्यांमध्ये प्रत्येक क्लबचं कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून जाऊन जिथे पडला तिथवरचं अंतर, नोंदवायचं, रोल वेगळा. त्यातला मधला आकडा आपला, कमाल नव्हे. आर अँड ए या गोल्फच्या नियामक संस्थेने ब्रिटनमधल्या कोर्सवर मोजलेली हौशी पुरुषांची सरासरी ड्राइव्ह 2019 मध्ये 216 यार्ड होती. क्लबहाउसमधल्या गप्पांतली सरासरी याहून बरीच वर असते, हे सांगायला नकोच. कोर्सवरचा आकडाही वारा-उतारांनी डळमळतो, हा आक्षेप मान्य आहे, पण ते डळमळणं खेळाचाच भाग आहे आणि नोंदी वाढल्या की त्याचाही अंदाज येतो. समुद्रसपाटीच्या चेंबूरच्या कोर्सवरून साडेपाचशे मीटर उंचीच्या येरवड्याच्या कोर्सवर आलं की विरळ हवेमुळे दीडशे यार्डांच्या शॉटला तीनेक यार्ड जास्त मिळतात, गुलमर्गला पंधराच्या आसपास. पावसाळ्यात फेअरवे भिजली की रोल जवळजवळ संपतो आणि कॅरी तेवढंच हाती उरतं. सपाट, कोरड्या मॅटवरचा आकडा घेऊन आलेला गोल्फर तिथे सात नंबर काढतो, जिथे सहाही कदाचित पुरला नसता.