राखीव प्रत घेतली, की घेतली असे वाटले?

गुहागर तालुक्यातील हेदवीची बामणघळ तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. भरतीच्या वेळी खडकातील अरुंद घळीत लाट घुसते आणि पाणी उंच उसळते. समजा, तेथील विद्यार्थ्यांनी वर्षभर या उसळीची वेळ व उंची टिपली, छायाचित्रे काढली आणि सारे शाळेच्या संगणकात साठवले. संगणक बिघडला तर? होऊन गेलेली भरती पुन्हा मोजता येत नाही! म्हणून राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, हवी. रोज रात्री ती आपोआप घेण्याची सोय संगणकात करता येते. परंतु ‘आपोआप’ या शब्दावर विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फायली सुटतात त्या का? ठरल्या वेळी वीज गेलेली असते किंवा संगणक बंद असतो. नोंदींची फाइल उघडीच राहिली, तर काही वेळा तिची प्रत निघत नाही. कधी छायाचित्रांसाठी नवा फोल्डर केला जातो, पण प्रत घ्यावयाच्या यादीत तो घालायचे राहून जाते.

आणि काम रेंगाळते का? एक मोठी फाइल भराभर जाते. एकूण तेवढ्याच आकाराच्या हजारो लहान फायलींना मात्र फार वेळ लागतो. कारण प्रत्येक फाइल शोधणे, उघडणे, नोंदवणे आणि बंद करणे आलेच. प्रत दूरच्या संगणकावर जात असेल, तर मंद इंटरनेटची भर पडते. काम सकाळपर्यंत पुरे झाले नाही आणि संगणक बंद केला, की उरलेल्या फायली सुटल्याच! यावर उपाय असा: एकदा संपूर्ण प्रत घ्यावी आणि नंतर रोज फक्त नव्या व बदललेल्या फायली उचलाव्यात.

जाणकारांचीही येथे फसगत होते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक कंपनीचा मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला. तेव्हा कळले, की नेहमीची राखीव प्रत तयारच होत नव्हती आणि तशा सूचनाही कोणापर्यंत पोहोचत नव्हत्या! सुमारे ६ तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाती होती, म्हणून निभावले.

कविता पाठ झाली की नाही, हे म्हणून दाखवल्यावरच कळते. राखीव प्रतीचेही तसेच आहे. शिक्षकांनी महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांकडून तिच्यातील एखादी फाइल परत काढून, उघडून मूळ फाइलशी ताडून घ्यावी. प्रयोगवहीइतकीच ही सवयही विज्ञानाचा भाग आहे.