समुद्र नसलेल्या गावाचा समुद्र

पावसाळा सुरू झाला की ऑफिसात माझ्या स्क्रीनवर दोन विंडो उघड्या असतात. एक एक्सेलची, बॉस मागे येऊन उभा राहिला तर दाखवायला. दुसरी हवामान खात्याची, आणि तीही कोकण किनाऱ्याची! परवा शेजारच्या डेस्कवरचा मित्र हसला, ‘अरे, तू सांगलीचा ना? तुमच्याकडे कुठला समुद्र?’

खरंय. आमच्याकडे समुद्र नाही, पण त्याचं हवामान आहे. कोकण किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार झाला की अरबी समुद्रावरचं बाष्प सह्याद्रीवर येऊन आदळतं. मग महाबळेश्वर, नवजा, कोयना इथे पाऊस अक्षरशः ओततो. २२-२३ जुलै २०२१ला महाबळेश्वरात २४ तासांत जवळपास ५९४ मिलिमीटर पडला. कोयना धरण तसं अवाढव्य, १०५ टीएमसीचं. पण ते भरत आलं की दरवाजे उघडावेच लागतात. ते पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळतं आणि आमच्या सांगलीत येतं. पुढे हरिपूरला वारणाही फुगलेली असते. म्हणून पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना ‘कसा आहेस’ विचारत नाही. विचारतो, ‘आयर्विनला किती?’ आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका.

ऑगस्ट २०१९मध्ये मी पुण्यात होतो. फोनवर अण्णांना म्हटलं, ‘वर तरी जाऊन बसा.’ अण्णा म्हणाले, ‘२००५ला पायरीशी थांबलं होतं. आताही थांबंल.’ नाही थांबलं. आयर्विनला ५७ फूट ओलांडले. आईचा शेवटचा फोन आला, ‘धान्याचे डबे माळ्यावर टाकलेत, तू जेवलास का?’ आणि बॅटरी संपली. पुढचे दोन दिवस मी मीटिंगमध्ये बसून नुसती मान हलवत होतो.

आई-अण्णा बोटीतून सुखरूप बाहेर आले. घरातली फोटोंची पेटी मात्र गेली.

तिकडे स्कॉटलंडजवळ फेअर आइल नावाचं छोटंसं बेट आहे. त्याच्या भोवतालच्या समुद्राचा अंदाज बीबीसी रेडिओवर रोज वाचला जातो. १८५९च्या वादळात ‘रॉयल चार्टर’ जहाज बुडालं, शेकडो माणसं गेली. त्यानंतर १८६१मध्ये ॲडमिरल फिट्झरॉयने बंदरांना वादळाचे इशारे धाडायला सुरुवात केली. तिथले कोळी तो अंदाज ऐकून होडी काढायची की नाही ते ठरवतात. आपण मात्र मागच्या पुराची खूण बघून ठरवतो!

म्हणून आता आमच्या घरात एकच नियम आहे. आयर्विनला ४० झालं की वाद नाही, बॅग उचलायची आणि मावशीकडे विश्रामबागला जायचं. अण्णा कुरकुरतात. पण गेल्या पावसाळ्यात त्यांनीच सकाळी फोन केला, ‘काय रे, तुझा समुद्र काय म्हणतोय?’

तुमचं गाव नदीकाठी असेल तर आज घरी फोन करा. आणि फक्त ‘जेवलात का’ एवढंच विचारू नका.