आमच्या उकिरड्यावरचें शास्त्र

दाणे सोलून घेतल्यावर उरलेल्या मक्याच्या कणसाला आमच्या शेतकरी घरांत किंमत ती काय? चुलींत घालावें, नाहीं तर उकिरड्यावर फेकावें. ओडिशांतील कोरापुट जिल्ह्यांतल्या दमणजोडी गांवच्या ललिता प्रसीदा या तेरा वर्षांच्या मुलीनें हीं टाकाऊ कणसें उचललीं. अखंड कणसें, त्यांचे तुकडे, त्यांची भुकटी, त्यांचा कोळसा व वाळू असे थर रचून तिनें त्यांतून सांडपाणी गाळलें, आणि साबण, रंग व तेलकट घाण यांचा बराच भाग त्या थरांनीं धरून ठेवला. २०१५ सालीं गूगल कंपनीनें जगांतील मुलांसाठीं भरविलेल्या विज्ञानस्पर्धेंत या कामास समाजोपयोगाबद्दलचें दहा हजार डॉलरांचें बक्षीस मिळालें.

दुसरी मुलगी तमिळनाडूंतील तिरुवण्णामलैची, विनिशा उमाशंकर. रस्त्याच्या कडेला इस्त्रीची गाडी लावणारे परीट बंधु दिवसभर कोळशाच्या धगींत व धुरांत उभे राहतात आणि सायंकाळीं राख झाडून घरीं जातात. तें सगळें गांव पाहतें. या मुलीनें पाहिलें आणि विचारलें, कीं डोक्यावर ऊन एवढें फुकट पडत असतां कोळसा कशाला? तिनें उन्हावर बॅटरी भरून चालणाऱ्या इस्त्रीगाडीची योजना तयार केली. २०२० सालीं स्वीडन देशांतून दिलें जाणारें मुलांचें हवामान-पारितोषिक तिला मिळालें, आणि २०२१ सालीं ग्लासगो येथील जागतिक हवामान परिषदेंत ती भल्याभल्या पुढाऱ्यांसमोर उभी राहून बोलली. तेव्हां ती शाळकरी पोरच होती.

तिसरी गोष्ट आयर्लंडची. किन्सेल गांवच्या एका शाळकरी मुलीनें बागेंतील वाटाण्याचें रोप उपटलें, तों मुळांवर गांठी दिसल्या. आमच्या हरभऱ्याच्या व तुरीच्या मुळांवर असतात तशाच या गांठी. त्यांत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतला नत्र धरून पिकाला देतात. गुळाच्या पाण्यांत कालवून आपण बियाण्याला जें रायझोबियम चोळतों, तें याच जातीचें. शाळेंत मास्तरांकडून एवढें समजल्यावर एमर हिकी, किअरा जज व सोफी हीली-थाऊ या तिघी मैत्रिणींनीं पुढचा प्रश्न काढला : हे जंतु शेंगांच्या पिकाचे सोबती खरे, पण जव व ओट यांच्या बियांना लावले तर काय होईल? त्यांनीं हजारों बिया मोजून मापून तपासल्या. जंतु लावलेलें बीं बरेंच लवकर उगवतें असें त्यांना आढळलें. २०१३ सालीं त्यांनीं आपल्या देशाचें व युरोपचें, आणि २०१४ सालीं गूगलच्या स्पर्धेचें सर्वांत मोठें बक्षीस घेतलें.

या सर्व पोरींचें आम्ही तोंड भरून कौतुक करतों. ज्यांनीं आमचें ओझें हलकें करण्याचा विचार केला त्या लेकी परक्या कशा?

पण कौतुक करतांना मनांत एक कांटा सलतो. कणीस कोणाचें? शेतकऱ्याचें. इस्त्री कोणाची? परटाची. मुळावरची गांठ कोणाच्या हाताला लागते? खुरपणी करणाऱ्या बाईच्या. माल आमच्या उकिरड्यावरचा, आणि बक्षीस मात्र जेथें पुस्तकांचें कपाट उघडें आहे त्या दारीं! यांत त्या मुलींचा दोष तिळभरही नाहीं. त्यांनीं डोळे उघडून पाहिलें, आणि त्यांना विचारूं देणारीं माणसें भेटलीं. आमचें पोर त्याच ढिगाशेजारीं लहानाचें मोठें होतें, पण त्यानें "असें कां?" म्हटलें, कीं घरांत "गप बैस" आणि शाळेंत "पुस्तकांत नाहीं तें विचारूं नको" हेंच त्याच्या कानीं पडतें.

कोणी म्हणेल, कुणब्याच्या नि कुंभाराच्या पोराला कसलें शास्त्र? त्यास आमचें उत्तर ऐका. लोहाराचा मुलगा तापलेल्या विळ्याचा रंग पाहून त्याला पाणी कधीं द्यावयाचें हें सांगतो. वेळ चुकली तर धार टिकत नाहीं हें त्याला ठाऊक आहे. कुंभाराची मुलगी मातींत लीद कां कालवितात हें जाणते. ती लीद भट्टींत जळते, मडक्याला बारीक छिद्रें पडतात, त्यांतून पाणी पाझरून वाळतें आणि आंतलें पाणी गार होतें. चांभाराच्या घरीं बाभळीच्या सालीचा व हिरड्याचा गुण पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. एवढी शिदोरी कोणत्या शहरी शाळेच्या कपाटांत आहे?

मात्र येथें आम्ही आमच्याच लोकांस गोड बोलून फसविणार नाहीं. वडिलांनीं केलें म्हणून करणें याला कसब म्हणतात, शास्त्र म्हणत नाहींत. कुंभाराच्या मुलीनें लिदीचे दोन व बिनलिदीचे दोन माठ घ्यावे, चारांत सारखें पाणी भरावें, एकाच सावलींत ठेवावे, दर तासाला तापमान मोजून वहींत लिहावें, आणि जें निघेल तें आजोबांच्या म्हणण्याविरुद्ध गेलें तरी खरें मानावें, म्हणजे तेथें शास्त्र सुरू झालें. त्याला लागतो एक तापमापक, एक वही आणि विचारण्याची मुभा. पहिल्या दोन वस्तू बाजारांत मिळतात. तिसरी आपल्यालाच द्यावी लागते.

आतां आमच्या गांवोगांवच्या विज्ञानप्रदर्शनांचें काय चालतें तें पाहा. दुकानांतून तयार आणलेला थर्माकोलचा ज्वालामुखी मांडावा, मास्तरांनीं लिहून दिलेलें पाठ म्हणावें, पाहुण्यांनीं टाळ्या वाजवाव्या आणि संध्याकाळीं सगळें कचऱ्यांत जावें! बाप बिचारा उसनवार करून त्या देखाव्याचे पैसे भरतो. नंबर आलाच तर चौकांत फलक लागतो. त्यावर पुढाऱ्याचें तोंड हातभर आणि पोराचें टिकलीएवढें. हा पोराचा सन्मान कीं पुढाऱ्याची जाहिरात?

खऱ्या कामाला वाटा अगदींच बंद नाहींत. सरकारच्या विज्ञान खात्याची 'इन्स्पायर-मानक' नांवाची योजना आहे. शाळेनें मुलांच्या स्वतःच्या कल्पना निवडून कळवावयाच्या. वर निवड झाली तर नमुना करण्यासाठीं मुलाच्या बँकखात्यांत दहा हजार रुपये येतात. १९९३ सालीं सुरू झालेली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद तर दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनीं आपल्याच गांवचा प्रश्न घेऊन अभ्यास करावा यासाठींच काढली, आणि शाळा सुटलेल्या मुलांनाही तिचें दार उघडें ठेवलें. पण कल्पना कळवावयाची ती शाळेनें. शाळेनें कळविलेंच नाहीं, तर घरीं बसलेल्या पोराला योजनेचें नांवही कळत नाहीं.

आमचीं मुलें बुद्धीनें मंद आहेत, हा आक्षेपही आतां टिकण्यासारखा नाहीं. १९७४ सालीं स्थापन झालेल्या, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानें प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या पुढाकारानें महापालिकेच्या शाळांतील दलित मुलांबरोबर काम केलें. पुस्तकी भाषेचा धोंडा बाजूला सारून, प्रश्न विचारूं देऊन शिकविलें, तेव्हां तींच मुलें शालांत परीक्षेंत पुढें आलीं. अडसर भाषेचा होता, डोक्याचा नव्हता.

महात्मा फुले यांनीं १८८२ सालींच हंटर कमिशनपुढें मागितलें होतें, कीं खेड्यांतल्या शाळेंत शेतीचें ज्ञान द्यावें, आणि नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरण्यास ज्यांना लाज वाटत नाहीं असे शिक्षक नेमावे. आम्ही शाळामास्तर आहों, म्हणून हें प्रथम आमच्या धंदेबंधूंस बजावतों. विज्ञानाची पेटी शाळेंत येते आणि फुटतुटीच्या भीतीनें कुलपांत पडते. मास्तरांनो, परीक्षानळी फुटली तर फुटूं द्या; मुलाचा प्रश्न फुटला तर तो कोणत्या दुकानांत मिळणार?

आणि आई-बापांनो, तुमच्या हातीं कायदा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितींत शेंकडा पंचाहत्तर सभासद पालक असावे लागतात, आणि एकंदर सभासदांत निम्म्या बाया. सहीपुरतें जाऊं नका. तीन प्रश्न विचारा. विज्ञानाची पेटी यंदा किती वेळां उघडली? मानक योजनेंत किती कल्पना पाठविल्या? त्यांपैकीं मुलांच्या स्वतःच्या किती, आणि मुलींच्या किती? उत्तर इतिवृत्तांत लिहून घ्या.

घरीं एवढेंच करा. पोर मातींत कांहीं उकरीत बसलें तर लगेच पाठीवर धपाटा घालूं नका. काय पाहतोस म्हणून विचारा. आणि बक्षीस मिळविणाऱ्या मुलीचा फेटा बांधून सत्कार करावा नि पुढच्याच हंगामांत तिला ऊसतोडीला किंवा बोहल्यावर धाडावें, हा सत्कार आम्हांस नको. वर सांगितलेल्या मुली शाळेंत होत्या म्हणून त्या तेथवर पोंचल्या. आपली मुलगी शाळेंत ठेवा, आणि समितीच्या पुढच्या सभेला जाऊन त्या पेटीची किल्ली मागा.