पंप चालतो, पण पट्टी कोणी बसवली?

पारनेर तालुक्यातल्या एखाद्या विहिरीवर कधी असे दृश्य दिसते. मोटार घरघरते आहे, पण पाणी वर चढत नाही. जाणता शेतकरी अशा वेळी मोटार उघडून बसत नाही. तो आधी ओढीच्या पाइपचा सांधा पाहतो. तेथून हवा शिरत असेल, तर पंप कितीही दणकट असला तरी पाण्याऐवजी हवाच ओढत राहतो.

चिघळलेली, खोल जखम भरून आणण्याच्या एका पद्धतीत हेच भौतिकशास्त्र आहे. तिला 'ऋण दाब उपचार' म्हणतात. हे नाव मला पसंत नाही, कारण हवेचा दाब शून्याखाली कधीच जात नाही. तो भोवतालच्या दाबापेक्षा कमी केलेला असतो, इतकेच. नेहमीचा आकडा पाऱ्याच्या 125 मि.मी.चा आहे. पारनेरच्या पठारावर हवेचा दाब सुमारे 700 मि.मी. धरला, तर पट्टीखाली 575 मि.मी. उरतो. मुंबईला समुद्रकाठी तो 635 मि.मी. असेल. दोन्हीकडे फरक तेवढाच. पाण्याच्या भाषेत हा फरक 1.7 मीटर उंचीच्या स्तंभाइतका भरतो.

हवा विरळ करून शरीरातून काही ओढणे आपल्याला नवे नाही. तुंबडी लावणारे तेच करीत आणि सुश्रुतसंहितेत शिंग व भोपळा वापरून रक्त काढण्याचे वर्णन आहे. आजची पद्धत मात्र रक्त काढण्यासाठी नाही. अमेरिकेतील अर्जेंटा व मॉरिक्वास यांनी 1997 साली तिच्यावर निबंध प्रसिद्ध केले. जखमेत सच्छिद्र स्पंज ठेवायचा, वरून पातळ चिकट पडदा लावायचा, त्याला भोक पाडून नळी जोडायची आणि पंप सुरू करायचा. साचलेला द्रव निघून जातो, सूज उतरते, कडा जवळ येतात. प्रत्येक जखमेत ही पद्धत साध्या पट्टीहून सरस ठरते असे मात्र नाही.

यंत्र आले म्हणजे उपचार आला, असे मानणाऱ्यांशी माझे भांडण आहे. यंत्राला फक्त हवा ओढता येते. बाकी सगळे परिचारिकेच्या हातात असते. भोवतालची त्वचा कोरडी नसेल किंवा पडद्याला एक सुरकुती राहिली, तर बारीक शिट्टी वाजते आणि दाब टिकत नाही. बरोबर बसला, तर स्पंज सुकलेल्या बोरासारखा आक्रसतो. स्पंज जखमेवर धरून कापायचा नाही, कारण चुरा आत पडतो. तो ठासून भरायचा नाही आणि चांगल्या त्वचेवर पसरू द्यायचा नाही. किती तुकडे घातले ते पट्टीवर लिहायचे आणि दोन-तीन दिवसांनी बदलताना तितकेच मोजून काढायचे. ही मोजणी कारकुनी वाटेल. पण 2009 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचाराबद्दल इशारा दिला, तेव्हा आलेल्या तक्रारींत स्पंजचे तुकडे आत राहिल्याच्या अनेक होत्या. मृत्यूंच्या मागे मुख्यतः रक्तस्राव होता. म्हणून रक्तवाहिनी उघडी असेल, तर तिच्यावर स्पंज ठेवत नाहीत. नळीत ताजे लाल रक्त दिसू लागले, तर पंप थांबवून डॉक्टरांना तत्काळ बोलवावे लागते.

वीज जाणाऱ्या गावात आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. बॅटरी संपली आणि दिवसात दोन तासांहून अधिक वेळ ओढ बंद राहिली, तर तो स्पंज काढून दुसरी पट्टी करावी लागते. बंद पडद्याखाली साचलेला ओलावा जंतूंच्या सोयीचा असतो. हे रुग्णाच्या घरच्यांना समजावून सांगणे हासुद्धा परिचारिकेच्याच कामाचा भाग आहे. आपण मात्र त्याला 'नुसती मलमपट्टी' म्हणतो आणि हवेच्या दाबाचा धडा काचेच्या नळीतल्या पाऱ्यावर संपवतो.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. ताटलीत ओला स्पंज ठेवा, वरून पातळ प्लॅस्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद करा, सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजची नळी आत घालून दट्ट्या ओढा. स्पंज दबेल. आता चिकटपट्टीखाली एक दोरा आडवा ठेवा आणि पुन्हा ओढून पाहा.