कागद वाचून अंगठा द्या

हल्लीं कुणब्याचा, सुताराचा, कुंभाराचा मुलगा चार बुकें शिकून पुण्याकडे, चाकण-हडपसरच्या बाजूस नोकरीला लागतो. तेथें एक खोली व स्वयंपाकघर एवढी जागा त्यास भाड्यानें घ्यावी लागते. अनामत, दलाली व पहिलें भाडें मिळून जो आंकडा होतो, तो बाप गांवीं म्हैस विकून पुरा करतो. शेताचा बांध हातभर सरकला तर सात-बारा घेऊन तलाठ्याकडे धांवणारे आपण, पन्नास हजार रुपये परक्याच्या हातीं देतांना पावतीही मागत नाहीं, याला काय म्हणावें?

कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणें असा करार लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्यानें ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल तर अटींविषयीं भाडेकरू सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. अकरा महिन्यांच्या कागदास नोंदणी लागत नाहीं असें दलाल सांगतात, तें खोटें आहे. खर्चही भारी नाहीं. भाडें १२,००० व अनामत ५०,००० धरली, तर अकरा महिन्यांचें मुद्रांक शुल्क साडेतीनशेच्या आंत व शहरांतील नोंदणी फी १,००० रुपये. मात्र मुदत संपल्यावर जागा अडवल्यास दुप्पट भाडें द्यावें लागतें, हें मुलानेंही ध्यानांत ठेवावें.

अनामतीचें काय? केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडेकरू कायद्यांत राहत्या घरास दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत नको असें आहे. पण राज्यानें स्वीकारल्यावांचून तो लागू होत नाहीं. म्हणून अनामत केव्हां व काय वजा करून परत मिळेल, तें करारांतच लिहून घ्यावें. भिंतीचे, नळांचे फोटो पहिल्याच दिवशीं काढून ठेवावे.

आपल्या पणज्यांनीं न वाचतां सावकाराच्या कागदावर अंगठे दिले, आणि १८७५ सालीं सुप्यास तेच कागद जाळण्याची पाळी आली. त्यांना अक्षर येत नव्हतें. आज पदवीधर पणतू करार न वाचतां यंत्रावर अंगठा ठेवतो. मग शिकून काय मिळवलें?

दुसरी गोष्ट अधिक बोंचते. घर दाखवण्याआधीं आडनांव विचारतात, मटण खातां काय विचारतात. शहरांत जागा नसली कीं शिक्षणही अडतें, हें ओळखून शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं केलीं. शहरी मालकाच्या या प्रश्नाचा आपल्याला राग येतो, आणि तो रास्तच आहे. पण बदली होऊन आलेल्या मास्तरास गांवांत खोली देतांना आपण काय विचारतों? आम्हीं शिक्षकांनीं हें पुष्कळ पाहिलें आहे. तोच प्रश्न, तोच नकार. ज्याची ओसरी जात विचारते, त्यानें शहराच्या दारावर कोणत्या तोंडानें रागवावें?

तेव्हां बंधूंनो, मुलाला पैसे पाठवण्याआधीं करार मागवा, घरांतल्या शिकलेल्या लेकीसुनेकडून मोठ्यानें वाचून घ्या. आणि आपल्या गांवची रिकामी खोली जात न विचारतां द्या.