कपाटांची कुलुपे काढा!

वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर अग्रलेख यावा, असा प्रसंग क्वचितच उद्भवतो. राज्यावर आपत्ती कोसळली, सरकार गडगडले किंवा एखादा लोकनेता निवर्तला, तरच संपादकाची लेखणी आतले पान सोडून दर्शनी पानावर येते, असा प्रघात आहे. आज यांपैकी काहीही घडलेले नाही. तरीही तो प्रघात आम्ही जाणूनबुजून मोडीत आहोत. ज्या हानीविषयी आम्हांस लिहावयाचे आहे, ती कोणत्याही एका दिवशी होत नाही आणि म्हणून ती कोणत्याही दिवसाची ठळक बातमीही होत नाही. आमच्या शाळांतून कितीतरी मुले अक्षरे गिरवितात, परीक्षा देतात, वरच्या वर्गात चढतात आणि पाठ्यपुस्तकाखेरीज एकही पुस्तक आपण होऊन न वाचता शाळेचा उंबरठा ओलांडून जातात. ही हानी मुकाट्याने होते. तिचा पंचनामा कोणी करीत नाही.

वाचनाचा जयघोष मात्र आपल्याकडे कमी नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस २०१५ पासून महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी ग्रंथदिंड्या निघतात, पालखीत ग्रंथ विराजमान होतात, मुले रांगेने बसून पुस्तके हाती धरतात आणि छायाचित्रे निघतात. पुणे शहराने तर याबाबतीत जागतिक विक्रमही केला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर तीन हजारांहून अधिक पालकांनी आपापल्या मुलांना एकाच वेळी गोष्ट वाचून दाखविली आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. पुणेकर म्हणून आम्हांसही त्याचा अभिमान वाटला. अशा उत्सवांची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. उत्सवाने हवा तयार होते आणि हवेशिवाय काही पेटत नाही. परंतु उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक असते, हा प्रश्न विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही. ज्या घरात पुस्तकांची फळी आहे, तेथे या प्रश्नाचे उत्तर घरातच मिळते. ज्या घरात कॅलेंडराखेरीज छापील असे काहीच नाही, तेथील मुलाचे काय?

त्या मुलासाठी कायद्याने तरतूद करून ठेविली आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालशिक्षण हक्काच्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलेच पाहिजे, असे त्याच्या परिशिष्टात सांगितले आहे. त्यात वृत्तपत्रे असावीत, नियतकालिके असावीत, सर्व विषयांची पुस्तके असावीत, इतकेच म्हणून कायदा थांबलेला नाही; गोष्टींची पुस्तकेही असावीत, असा स्पष्ट उल्लेख त्यात आहे. गोष्टींच्या पुस्तकांस कायद्याच्या भाषेत स्थान मिळावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. पण पुढे काय झाले? पुस्तके आली, शिक्के बसले, साठ्याच्या नोंदवहीत क्रमांक चढले आणि बहुसंख्य ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या खोलीतील लोखंडी कपाटात जाऊन बसली. कपाटास कुलूप लागले. कुलपाची किल्ली टेबलाच्या खणात गेली आणि त्या खणासही कुलूप आहे!

याचा दोष शिक्षकांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. पुस्तक मुलाच्या घरी गेले तर ते फाटणार, त्यावर धाकटे भावंड रेघोट्या ओढणार, पावसात भिजणार, एखादे परतही येणार नाही. मग साठ्याची पडताळणी झाली की नोंदवहीतील क्रमांक जुळत नाहीत, लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि ‘जबाबदार कोण’ हा प्रश्न शिक्षकापुढे उभा राहतो. पुस्तक वाचले गेले नाही, म्हणून कोणा शिक्षकास कधी जाब विचारला गेला आहे काय? पुस्तक हरविले तर मात्र विचारला जातो. ज्या व्यवस्थेत न वाचलेले, कोरे करकरीत पुस्तक हे उत्तम कारभाराचे लक्षण ठरते, त्या व्यवस्थेत शहाणा मनुष्य कुलूपच लावणार. येथे चुकले आहे ते हिशेबाचे तत्त्व.

आश्चर्य असे की, या हिशेबाचा उलगडा सरकारी नियमांतच झालेला आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमावलीतील २१५ व्या नियमानुसार ग्रंथालयाने वर्षभरात वाचकांस दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे वाजवी समजावे, असे ठरविलेले आहे. अट एवढीच, की त्यामागे अप्रामाणिकपणा वा हयगय नसावी. या नियमातील मर्म पाहावे. ही सूट कपाटात किती पुस्तके आहेत यावर मोजलेली नाही. किती पुस्तके वाचकांच्या हाती गेली यावर ती अवलंबून आहे. दोनशे पुस्तके असलेल्या शाळेने प्रत्येक पुस्तक वर्षातून दहा वेळा फिरविले, तर दोन हजार वेळा देवघेव होते आणि दहा पुस्तकांची तूट क्षम्य ठरते. ज्या शाळेने एकही पुस्तक दिले नाही, तिला एकाही पुस्तकाची सूट नाही. केंद्राच्या ग्रंथालयांतील प्रौढ, सुशिक्षित वाचकांविषयी सरकार जेवढे उदार होते, तेवढे ते सात वर्षांच्या मुलाविषयी का होऊ नये? राज्य सरकारने आणि महानगरपालिकेने हेच तत्त्व आपल्या शाळांस लागू करणारा लेखी आदेश काढावा, फाटलेल्या पुस्तकांचे निर्लेखन शाळेच्याच पातळीवर व्हावे आणि शिक्षकाच्या पगारास हात लागणार नाही, अशी त्यात स्पष्ट हमी असावी. यास मोठा निधी लागत नाही. एक स्वाक्षरी लागते.

कोणी म्हणेल, एवढी घाई कशासाठी? ‘असर’ या सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल त्याचे उत्तर देतो. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण ४२.८ टक्के होते. म्हणजे सुधारणा झाली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तरीही निम्म्याहून अधिक मुले मागेच आहेत. आकडे खेड्यांचे आहेत म्हणून शहराने निर्धास्त राहण्याचे कारण नाही. आमच्या वस्त्यांतील कोणत्याही शाळेत पाऊल टाकले तर हे चित्र अनोळखी वाटणार नाही. पोहणे जसे पाण्यात पडल्यावाचून येत नाही, तसे वाचन वाचल्यावाचून येत नाही. पाठ्यपुस्तकातील तोच धडा दहा वेळा घोकून ते येत नाही. नव्या गोष्टीत पुढे काय झाले, या उत्कंठेने पान उलटावे लागते तेव्हा येते.

हे सत्य आजच गवसले आहे, असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली बडोदे संस्थानात सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. लिहावाचावयास शिकलेल्या प्रजेला पुढे वाचावयास काही मिळाले नाही तर शिकविलेले सारे वाया जाईल, हे त्या राजाने ओळखले. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले, संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणले आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरविल्या. ग्रंथांनीच वाचकाच्या दारी जावे, हा विचार शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानाने अमलात आणला; आणि आम्ही त्याच इमारतीत शिकणाऱ्या मुलाच्या हाती पुस्तक पोहोचवू शकत नाही!

म्हणून आमची दुसरी सूचना अशी की, शाळेने पुस्तके घेऊन वस्तीत जावे आणि वस्तीने शाळेत यावे. कायद्यानेच प्रत्येक अनुदानित व सरकारी शाळेसाठी शाळा व्यवस्थापन समिती नेमावयास सांगितली आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. या समित्यांकडून आज बहुधा सह्यांपलीकडे काही अपेक्षिले जात नाही. कपाटाची एक किल्ली या मातांच्या हाती द्यावी. आठवड्यातून एक संध्याकाळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत रोज दोन तास त्यांनी कपाट उघडावे. पंचवीस-तीस पुस्तकांची पेटी पंधरवड्याने एका आळीतून दुसऱ्या आळीत जावी. ठेवावयास जागा नाही, ही सबब पुण्यात कोणी सांगू नये. चौकाचौकांत गणेशोत्सव मंडळांच्या खोल्या आहेत, देवळांचे सभामंडप आहेत, समाजमंदिरे आहेत. कित्येक मंडळे स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसाठी अभ्यासिका चालवितात. त्याच खोलीचा एक कोपरा तास-दोन तास लहानग्यांना मिळाला तर श्रींचा कोप होणार नाही.

आई-बाप निरक्षर आहेत, ते काय वाचून दाखविणार, असा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकतो. त्यात त्या आई-बापांचा अकारण अवमान आहे. वाचून दाखविण्याचे काम मुलानेच करावे आणि आईने ऐकावे. भाकरी थापता थापता ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारणारी आई ही कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाइतकीच मोठी शिक्षिका होय. मात्र त्यासाठी पुस्तक त्या घराच्या भाषेजवळ जाणारे हवे. आमच्या वस्त्यांत कन्नड, तेलुगू, हिंदी, बंजारा बोलणारी घरे आहेत. त्यांच्यासाठीही चार पुस्तके त्या पेटीत असावीत. पुस्तके निवडताना मुलांना विचारावे. वजनावर घेतलेली चरित्रे आणि सुविचारसंग्रह कुलूप नसतानाही कोणी उचलीत नाही.

मुलांच्या या दुरवस्थेचे खापर सर्वजण मोबाइलवर फोडतात. मुलाला गोष्ट हवी असते. ती मोबाइल देतो आणि कपाट देत नाही, तर मुलाने कोणाकडे जावे? शिक्षकांवर कामांचा बोजा आहे, ही तक्रार मात्र खरी आहे. मतदारयाद्यांपासून नाना सर्वेक्षणांपर्यंत त्यांना जुंपले जाते. म्हणूनच हे काम एकट्या शिक्षकावर न टाकता पालक, निवृत्त नागरिक आणि शहरातील ग्रंथालये यांनी वाटून घ्यावे, असे आम्ही म्हणतो.

ग्रंथालयांचा उल्लेख आला, तेव्हा एका योगायोगाचे स्मरण करून देणे उचित होईल. १८४८ साली याच नगरीत जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली आणि त्याच साली आजच्या पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना झाली. पुण्यात शाळा आणि वाचनालय यांचा असा जुना शेजार आहे. आज मात्र शाळा एका खात्याकडे आणि सार्वजनिक ग्रंथालये दुसऱ्या खात्याकडे, अशी वाटणी झाली असून दोघांची भेट क्वचितच होते. प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयाने जवळच्या दोन शाळा दत्तक घ्याव्यात आणि आपला ग्रंथपाल महिन्यातून एकदा तेथे पाठवावा. यास कोणत्या खात्याची हरकत असेल?

पुणेकर नागरिकांस आमचे सांगणे एवढेच की, येत्या १५ ऑक्टोबरला आपल्या शेजारच्या शाळेत जावे, दिंडीचे कौतुक करावे आणि मग मुख्याध्यापकांस शांतपणे तीन प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्यात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली? त्यांतील किती फाटून आली? आणि किती परत आलीच नाहीत? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘एकही नाही’ असे मिळाले, तर कपाट कोठे आहे ते विचारावे, आणि ते उघडेपर्यंत तेथून हलू नये.